शिक्क्यावर मास्किंग टेप

गेल्या दसऱ्याला आईनं माझ्या फुलदाण्यांना हळद-कुंकू लावलं.

लॅपटॉपला ती दरवर्षी लावते. बाबांची मोटरसायकल, विहिरीवरची मोटर, तिचं शिलाई मशीन, मग माझा लॅपटॉप, असा तिचा क्रम ठरलेला. या वेळी ताम्हन घेऊन ती खिडकीकडे वळली आणि फळीवर मांडलेल्या माझ्या पांढऱ्या जर्मन फुलदाण्यांपैकी हात पोचेल तिथवरच्या सगळ्यांना तिनं बोट टेकवलं. मी अंघोळीला गेलो होतो. बाहेर येऊन बघतो तर सात फुलदाण्यांवर सात पिवळे ठिपके, त्यावर सात लाल.

"अगं, हे काय केलंस?"

"तुझं सामानच ना ते? मग?"

यावर काय बोलणार? जमवणाऱ्याच्या दृष्टीनं मात्र ही दुर्घटना होती. या फुलदाण्यांना बाहेरून झिलई नसते. अंड्याच्या कवचासारखा त्यांचा पृष्ठभाग कोरडा, किंचित खरखरीत असतो. घामट हाताचा डागसुद्धा तिथे रेंगाळतो, हळदीचं तर विचारूच नका. मी चिडलो, आणि चिडल्यावर काही वेळानं मला दुसराच प्रश्न पडला. मला नेमकं कशाचं वाईट वाटतंय? वस्तू बिघडल्याचं, की तिची किंमत उतरल्याचं? या लेखाचं मूळ त्या प्रश्नात आहे.

मी शिरूरचा. इंजिनिअरिंग पुण्यात केलं, नोकरी खराडीला, शनिवार-रविवार घरी. माझ्याकडे १९५० ते १९८० या काळातल्या जर्मन पोर्सेलिनच्या तेवीस फुलदाण्या आहेत. "शिरूरच्या पोराला हा नाद कुठून लागला?" हा प्रश्न मला इतक्यांनी विचारलाय की मी उत्तराचा पॅराग्राफ पाठ केलाय. तो असा: नाद दौंडला लागला.

दौंड म्हणजे जंक्शन. मनमाडकडे जाणारी लाइन १८७८ साली इथून सुरू झाली आणि गावाचा अर्धा जीव रेल्वेत गुंतला. माझी मावशी तिथे असते, तिचे यजमान रेल्वेत होते. लहानपणी सुट्टीत गेलो की शेजारच्या अँग्लो-इंडियन आंटींकडे केक खायला जायचो. त्यांच्या दिवाणखान्यात काचेचं शोकेस होतं. आपल्याकडच्या शोकेसची एक ठरलेली लोकसंख्या असते: ताजमहाल, शंखशिंपल्यांची बोट, कुणाच्या तरी लग्नात मिळालेलं घड्याळ, डोळे, कान, तोंड झाकून बसलेली तीन माकडं. आंटींच्या शोकेसमध्ये हे सगळं होतंच, पण वरच्या कप्प्यात एकटी, वीतभर उंचीची, पांढरी, उभ्या पन्हाळ्या पन्हाळ्यांची एक फुलदाणी होती. तिच्यात कधी फूल पाहिलं नाही. आयातीवर निर्बंध होते त्या काळात अशी वस्तू दुकानातून येत नसे, कुणाच्या तरी सामानातून यायची. ती 'फॉरेनची' आहे एवढंच आंटी सांगायच्या.

मी दुसऱ्या वर्षाला असताना त्या मुलाकडे ऑस्ट्रेलियाला निघाल्या. सामान वाटून टाकत होत्या. "तुम ये हमेशा देखता था, ले जाओ," म्हणाल्या. घरी येऊन मी ती उलटी केली. बुडाशी हिरवट शिक्का, खाली 'डब्ल्यू. जर्मनी'. त्या रात्री मोबाइलवर मी तीन तास शिक्के बघत बसलो. कुठला मुकुट कुठल्या कारखान्याचा, नावातलं कुठलं अक्षर कधी गळालं. 'यू.एस. झोन' असेल तर युद्ध संपल्यानंतरची पहिली काही वर्षं. 'वेस्ट जर्मनी' असेल तर १९४९ ते १९९० च्या मधलं. प्रोग्रामरला हे व्यसन लागायला वेळ लागत नाही. हे सरळ लॉग वाचण्यासारखंच आहे. पण शिक्का वाचता येऊ लागला आणि त्याच दिवशी मी फुलदाणी बघणं थांबवलं, हे समजायला मला सहा वर्षं लागली.

आधी वस्तू काय आहे ते सांगतो. पोर्सेलिन म्हणजे आपण ज्याला सरसकट चिनी माती म्हणतो त्यातली सगळ्यात कडक जात. केओलिन नावाची पांढरी माती, फेल्डस्पार आणि क्वार्ट्झ. हे मिश्रण १४०० अंशांच्या आसपास भाजलं की माती काचेसारखी घट्ट होते आणि पातळ भागातून उजेड झिरपतो. चीनला हे हजारभर वर्षांपूर्वी जमलं होतं. युरोपला ते गुपित उलगडायला १७०८ साल उजाडलं. सॅक्सनीच्या राजानं ब्योटगर नावाच्या किमयागाराला सोनं कर म्हणून डांबून ठेवलं होतं, त्याच्या हातून सोन्याऐवजी हे निघालं. पुढे माइसेनचा कारखाना उभा राहिला आणि 'जर्मन पोर्सेलिन' हा शब्द तयार झाला.

माझ्या फुलदाण्या या राजेशाही घराण्यातल्या नाहीत. त्या साच्यातून निघालेल्या आहेत. प्लास्टर ऑफ पॅरिसच्या साच्यात मातीचा पातळ रबडा ओततात. प्लास्टर पाणी शोषतं, साच्याच्या भिंतीला मातीचा थर धरतो, मग उरलेला रबडा ओतून काढतात. थर सुकला की साचा उघडायचा. भाजताना ही वस्तू जवळजवळ एक षष्ठांश आक्रसते, म्हणजे डिझायनरला साचा करताना तेवढा मोठा करावा लागतो. आतून झिलई देतात, म्हणजे पाणी झिरपत नाही. बाहेरून मुद्दाम देत नाहीत. या बिनझिलईच्या प्रकाराला 'बिस्किट' म्हणतात. हे ऐकून बाबा अजूनही हसतात.

साठ-सत्तरच्या दशकात बव्हेरियातल्या कारखान्यांनी अशा पांढऱ्या बिस्किट फुलदाण्या ढिगानं काढल्या. त्यांच्यावर चित्र नाही, रंग नाही, सोनेरी कड नाही. आहे तो फक्त उठाव: पन्हाळ्या, चौकटी, खवले, लाटा, बुडबुडे. चित्रकलेत तेव्हा ऑप आर्टचं वारं होतं, १९६५ साली न्यूयॉर्कच्या मोमा संग्रहालयात त्याचं गाजलेलं प्रदर्शन भरलं होतं. डोळ्याला फसवणाऱ्या काळ्या-पांढऱ्या रेघांची ती चित्रं. फुलदाणीवाल्यांनी त्यातली काळी रेघ काढून टाकली आणि तिचं काम सावलीकडे सोपवलं. या फुलदाणीचा अर्धा भाग कारखान्यात होतो. उरलेला अर्धा तुमच्या खिडकीत, रोज, नव्यानं.

म्हणूनच आपल्याकडच्या शोकेसमध्ये ती मरते. ट्यूबलाइटचा उजेड सगळीकडून सारखा येतो, सावली पडतच नाही. उठाव सपाट होतो आणि उरतं ते पांढरं चिनी मातीचं काहीतरी. बाबांनी माझी पहिली खरेदी बघून "बेसिनवानी दिसतंय" म्हटलं होतं. मला तेव्हा राग आला होता, पण टीका म्हणून ती अचूक होती. ट्यूबलाइटखाली ती बेसिनसारखीच दिसत होती. आपल्या घरांत पांढरी चिनी माती बाथरूममध्ये असते. बरणीला निदान तपकिरी खांदा असतो. मग एका सकाळी आठच्या सुमारास पूर्वेच्या खिडकीत ती ठेवली. शिरूरचं ऊन म्हणजे काय ते इथे राहणाऱ्याला माहीत आहे. तिरपं ऊन आलं आणि पन्हाळ्यांच्या एका बाजूला निळसर सावल्या धरल्या, दुसरी बाजू पेटली. नऊ वाजता सावल्या आखडल्या. साडेअकराला पुन्हा बेसिन. माझ्या मते ही या प्रकाराची पहिली मर्यादा आणि पहिली ताकद. ही दिवसातून दोन-अडीच तास चालणारी कला आहे.

या पांढऱ्याबद्दल आणखी एक गोष्ट बोलायला हवी, नाहीतर लेख इंटिरियर डेकोरेशनचा होईल. मी सुरुवातीला या शुभ्रपणाला 'निरागस' वगैरे म्हणायचो. वाचत गेलो तसा तो शब्द घशात अडकला. हिटलरच्या काळात म्युनिकजवळ आलाख इथं एसएसच्या मालकीचा पोर्सेलिनचा कारखाना होता. तिथल्या पांढऱ्याशुभ्र मूर्ती घडवायला डाखाऊच्या छळछावणीतले कैदी राबवले गेले. म्हणजे तोच केओलिन, तोच शुभ्रपणा. दुसरीकडे झेल्ब गावाजवळ १८७९ साली फिलिप रोझेनथाल यांनी सुरू केलेला कारखाना. ते ज्यू कुळातले. १९३४ साली त्यांना स्वतःच्या कंपनीतून बाहेर काढण्यात आलं, १९३७ साली ते वारले. त्यांचा मुलगा, त्याचंही नाव फिलिप, परदेशात शिकला, युद्धानंतर परतला, १९५८ साली कंपनीच्या प्रमुखपदी आला आणि १९६१ साली त्यानं 'स्टुडिओ लाइन' काढली. देशोदेशीचे डिझायनर बोलावले. फिनलंडचा टापिओ विर्काला, डेन्मार्कचा ब्योर्न विनब्लाड. कारखान्याची नवी इमारत वॉल्टर ग्रोपिअसकडून करून घेतली, ती १९६७ ची. म्हणजे ज्याला नाझींमुळे जर्मनी सोडावी लागली त्या बाउहाउसच्या संस्थापकाला, ज्याच्या बापाची कंपनी त्याच नाझींनी हिरावली त्या मुलानं बोलावलं. त्या पांढऱ्या फुलदाण्यांकडे बघताना हे विसरून चालत नाही. त्यांच्यावर चित्र नाही हे सौंदर्यशास्त्र आहेच, पण त्या पिढीला कुठलं चित्र काढवणार होतं, असंही वाटतं. हे माझं वाचन, ते सिद्ध करता येणार नाही.

आता मूळ प्रश्नाकडे. दसऱ्याच्या हळदीनं माझ्या लक्षात आलं की मी फुलदाण्या जमवत नव्हतो, शिक्के जमवत होतो. माझी एक्सेल शीट होती: कारखाना, शिक्क्याचा प्रकार, साल, उंची, डिझायनर, घेतलेली किंमत, आजची किंमत. 'आवडली का?' असा कॉलम नव्हता. आणि त्याहून वाईट शंका अशी की मला या वस्तू आवडतात, की या वस्तू आवडणारा माणूस म्हणून दिसायला आवडतं? खराडीच्या ऑफिसात व्हिडिओ कॉलवर मागे दोन पांढऱ्या फुलदाण्या दिसल्या की लोक विचारतात. शिरूरचं नाव सांगितल्यावर जो चेहरा होतो त्यापेक्षा तेव्हाचा चेहरा वेगळा असतो. माझ्या वयाच्या, माझ्यासारख्या गावातून आलेल्या वाचकांना हा फरक समजावून सांगायला नको.

माझा कॉलेजातला एक मित्र स्टुटगार्टला असतो. वर्षातून एकदा येतो आणि त्याच्या बॅगेत मोज्यांमध्ये गुंडाळलेल्या माझ्या फुलदाण्या असतात. तिकडच्या रविवारच्या जुन्या बाजारात त्या पाच-दहा युरोला मिळतात, आपल्या पुण्याच्या जुन्या बाजारासारखाच प्रकार. डिसेंबरात तो यायच्या आधी मी त्याला सांगितलं, "सहा घे. काय घेतोस ते मला सांगू नकोस, फोटो पाठवू नकोस. आणि पॅक करायच्या आधी प्रत्येकीच्या बुडाला मास्किंग टेप लाव."

"डोकं फिरलंय का तुझं?"

"ब्लाइंड टेस्ट करायचीय."

तो टेस्टर आहे. मग लगेच पटलं.

सहा आल्या. टेपवर एक ते सहा आकडे टाकले आणि महिनाभर खिडकीत ठेवल्या. प्रत्येक शनिवारी, रविवारी सकाळी बघायचं आणि लिहायचं. आईला, बाबांना, दौंडहून आलेल्या मावशीलाही विचारलं. दोन गोष्टी पहिल्याच दिवशी कळल्या.

एक म्हणजे चौथ्या नंबरचा पेपर फुटलेला होता. हातात घेताक्षणी ओळखली: विर्कालाची 'पोलो', १९७० ची. अंड्याच्या आकाराचं गुबगुबीत अंग, त्यातून एका बाजूला कलत वर निघालेली छोटी चोच, अंगावर बारीक टिंबांसारखी नक्षी. नावाचा अर्थ कोंबडी. तिला शिक्क्याची गरजच नाही, टेप लावून काही उपयोग झाला नाही. एखाद्या गायकाचा सूर दुसऱ्या खोलीतून ओळखू यावा तसं हे. मावशीनं ती तळहातावर घेतली, दुसऱ्या हातानं झाकली आणि बराच वेळ खाली ठेवलीच नाही. काही बोलली नाही. एखाद्या भांड्याबद्दल एवढं परीक्षण पुरेसं आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे पाचव्या नंबरनं मी फसलो. उंच, सडसडीत, चौकटींची, फोटोत भारी दिसेल अशी. पहिल्या दिवशी दहापैकी नऊ दिले. तिसऱ्या आठवड्यात चारवर आलो. कारण कंगोरे. प्लास्टरचा साचा वापरून वापरून झिजतो. पहिल्या काही ओतकामांत उठावाची धार करकरीत येते, साचा थकला की धार साबणासारखी गुळगुळीत होते. लांबून फरक दिसत नाही. पण तिरप्या उन्हात धारदार कंगोऱ्याची सावली रेघेसारखी पडते आणि झिजलेल्याची धुरकट. पाचव्या नंबरवर सावल्याच नव्हत्या, सावल्यांची आठवण होती. टेप काढल्यावर एका नामांकित कारखान्याचा शिक्का निघाला, सोबत डिझायनरची सही. आधी शिक्का बघितला असता तर नऊवरून खाली आलोच नसतो.

बाकीच्या तीन बऱ्या होत्या, त्यांच्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. बुडबुडेवाली एक होती, ती फणसासारखी दिसते असं आई म्हणाली आणि त्यानंतर मला ती फणसासारखीच दिसते.

दुसरा नंबर. वीतभरही नाही. खाली रुंद, खांद्यावर एक स्पष्ट मोड, मग गळा. नक्षी नाहीच. फक्त अंगाभोवती आडव्या, असमान अंतराच्या सात रेघा, खाली दाट आणि वर विरळ. पहिल्या आठवड्यात मी तिला पाच मार्क देऊन सोडून दिलं होतं. पण तिच्यात काहीतरी होतं. बाकीच्या साडेअकराला मरायच्या, ही दुपारीही मरत नव्हती, कारण तिचा जीव उठावात नव्हता, बाह्याकृतीत होता. ट्यूबलाइटखालीसुद्धा खांद्याचा तो मोड दिसायचा. महिन्याच्या शेवटी ती नऊवर होती. बाबांनीही तीच उचलली, "ह्ये भांडं वाटतंय" असं म्हणून. टेप काढली. खाली काहीच नाही. मातीत दाबलेला एक आकडा, बस्स. ना कारखाना, ना देश. जर्मन आहे की नाही हेही मी छातीठोकपणे सांगू शकत नाही.

इथे विर्कालाशी एक भांडण उरकून घेतो, कारण मोठ्या माणसाचं सगळंच आवडायला हवं असं नाही. १९७७ साली त्यानं रोझेनथालसाठी कागदी पिशवीची फुलदाणी केली. हुबेहूब चुरगळलेली खाकी पिशवीच, पण पोर्सेलिनची आणि पांढरी. ती जगप्रसिद्ध आहे, अजून विकली जाते. मित्राकडे स्टुटगार्टला एक आहे, व्हिडिओ कॉलवर मी ती खूपदा बघितलीय. कौशल्य अफाट, पण विनोद एकदाच हसवतो. ज्या घरात जुन्या वहीच्या कागदाची शेंगदाण्याची पुडी सोडून, कागद सरळ करून पुन्हा वापरलाय, तिथे कागदाची पिशवी महागड्या पोर्सेलिनमध्ये अमर करणं ही गंमत थोडी आंबट लागते. 'पोलो' बनवणाऱ्या हातानं मातीला मातीसारखं वागवलं. पिशवीत मातीला दुसऱ्याच कुणाची नक्कल करायला लावलं.

तर दुसऱ्या नंबरनं माझी पंचाईत केली. शिक्का नसलेल्या भांड्याकडे बघायचं कसं? माझी सगळी भाषा शिक्क्याची होती. आणि मग लाज वाटावी अशी गोष्ट लक्षात आली. झेल्ब गावातल्या कारखान्यांची साखळी मला पाठ, पण आमच्याच शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठी, भारतातल्या ताम्रपाषाण युगाची एक फार महत्त्वाची जागा आहे आणि मी तिथे कधी गेलो नव्हतो. इनामगाव. डेक्कन कॉलेजनं तिथे १९६८ ते १९८३ उत्खनन केलं. ह. धी. सांकळिया, म. के. ढवळीकर, झैनुद्दीन अन्सारी ही त्यातली मोठी नावं. १९६८! म्हणजे झेल्बमध्ये माझ्या फुलदाण्या साच्यातून निघत होत्या, त्याच वर्षांत माझ्या घरापासून काही मैलांवर तीन हजार वर्षांपूर्वीची मडकी ब्रशनं साफ होत होती.

एका सुट्टीच्या दिवशी येरवड्याला डेक्कन कॉलेजच्या संग्रहालयात गेलो. जोर्वे पद्धतीची भांडी तिथे आहेत. जोर्वे हे संगमनेरजवळचं गाव, तिथे ही भांडी प्रथम सापडली म्हणून हे नाव. नारिंगी-लाल अंग, त्यावर काळ्या रंगाच्या भूमितीय रेघा. तोटी असलेली भांडी. आणि वाडगे, ज्यांच्या अंगाला मध्येच एक स्पष्ट मोड असतो, खालचा भाग आत वळतो आणि वरचा सरळ उभा राहतो. मी काचेसमोर थांबलो. तो मोड मला ओळखीचा होता. महिनाभर रोज सकाळी मी तोच बघत होतो.

वाडगा आणि फुलदाणी यांचा काही संबंध आहे असं मला म्हणायचं नाही. बव्हेरियातल्या कुणी इनामगाव पाहिलेलं नव्हतं. चाकावर फिरणाऱ्या मातीला हात लावला की काही वळणं तिला सुचतातच, एवढंच. आणि हो, साच्याच्या भांड्याचाही मूळ नमुना बहुतेक वेळा कुणाच्या तरी हाताखाली फिरूनच घडलेला असतो.

जोर्वे भांड्यांबद्दल पुरातत्त्वज्ञ आणखी एक सांगतात: ती इतकी छान भाजलेली असतात की वाजवली तर धातूसारखा आवाज येतो. पोर्सेलिनची परीक्षाही तीच. नखानं हलकं टिचकवायचं. खणखणीत वाजली तर ठीक, बद्द वाजली तर कुठेतरी केसाएवढी चीर आहे. हे मी एका जर्मन व्हिडिओतून शिकलो होतो. आईला दाखवलं तर ती माझ्याकडे बघतच राहिली. "मडकं वाजवूनच घेतात. त्यात नवीन काय?"

इनामगावच्या मडक्यांचं दुसरं काम मात्र अंगावर येतं. तिथे मूल गेलं की दोन मडकी तोंडाला तोंड लावून आडवी ठेवत, मूल त्यात, आणि खड्डा घराच्याच जमिनीत. आणि एक रांजण आहे, जगभर ज्याचे फोटो छापले गेले: चार पायांचा, पोटासारखा फुगलेला, आत पाय मुडपून बसवलेला एक प्रौढ माणूस. तिथे मोठ्या माणसांना पुरताना पावलं तोडत असत, याची शाबूत होती. त्या रांजणाचा फोटो बघताना मला रोझेनथालचीच एक फुलदाणी आठवली, फ्रिट्झ हाइडेनराइखची, १९५० च्या सुमाराची. एका बाजूला पोट काढून उभी राहिल्यासारखी तिरकी आकृती. जर्मनीत ती 'गरोदर लुईझ' या नावानं ओळखली जाते. युद्ध संपून पाच वर्षं झालेली, शहरं अजून ढिगाऱ्यात, आणि लोकांना फुलदाणीत गरोदर बाई दिसते. त्या काळातल्या तिरक्या, असमतोल फुलदाण्या मला साठ-सत्तरच्या ऑप आर्टपेक्षा सरस वाटतात ते यामुळे. त्यांना आत आहे. ऑप आर्टच्या बऱ्याच फुलदाण्या म्हणजे नुसती बाहेरची बाजू. काहींचा गळा इतका अरुंद की निशिगंधाची एक काडी जेमतेम जाईल. भांडं असल्याचा त्यांना विसर पडलेला असतो.

पुण्यात केळकर संग्रहालय तुम्ही पाहिलं असेल. दिनकर केळकर, म्हणजे कवी 'अज्ञातवासी', यांनी गेलेल्या मुलाच्या, राजाच्या नावानं उभं केलेलं. तिथले अडकित्ते, दिवे, वज्र्या बघताना जाणवतं की प्रत्येक वस्तूवर कुणाचा तरी हात फिरलाय. माझ्या तेवीसपैकी बहुतेकींवर फिरलेला नाही. त्या पन्नास वर्षं कुणाच्या तरी कपाटात 'चांगल्या प्रसंगासाठी' थांबल्या आणि मग माझ्याकडे आल्या, आणखी जपल्या जायला. जमवणाऱ्यांच्या जगात याला 'मिंट कंडिशन' म्हणतात आणि त्याचे जास्त पैसे पडतात.

शिरूरला आमच्याकडे कर्नल वॉलेस नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याची कबर आहे, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीची. छावणीच्या काळात तो इथे होता, इथेच वारला. गावकरी त्याला 'सत्पुरुष' म्हणू लागले, नैवेद्य दाखवू लागले, अशी नोंद जुन्या गॅझेटियरमध्ये आहे. लहानपणी मला याचं हसू यायचं. आई माझ्या जर्मन फुलदाणीला हळद-कुंकू लावते तेव्हा ती काही नवीन करत नाही.

एक्सेल शीट अजून आहे, त्यात एक कॉलम वाढलाय. तेवीस आणि सहा मिळून एकोणतीसपैकी बारा मी काढून टाकतोय, बहुतेक चांगल्या शिक्क्याच्या आहेत, गिऱ्हाईक मिळेल. आंटींची पन्हाळ्यांची राहील. खरं सांगायचं तर तिचे कंगोरे झिजलेले आहेत, टेप लावून आली असती तर पाचच्या वर गेली नसती. 'पोलो' मावशीनं दौंडला नेली, परत देईल असं वाटत नाही.

हळद गेली. तिचा रंग उन्हात टिकत नाही, हळदीचं बोट लागलेला पांढरा शर्ट उन्हात वाळत घातला की आपोआप उजळतो तसंच. बोळ्यानं घासण्याऐवजी मी सातही फुलदाण्या गच्चीवर ठेवल्या, पंधरा दिवसांत पिवळं नाहीसं झालं. कुंकू मात्र बाजारातलं आहे, त्यातला रंग कसला देव जाणे. दोघींवर फिकट गुलाबी ठिपका उरलाय. त्यातली एक विकायच्या बारांमध्ये होती. वर्णनात काय लिहायचं ते सुचेना, म्हणून तिचा फोटो अजून टाकलेला नाही.